घरची टपालपेटी आणि धंद्याचीं परिपत्रकें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां कांहीं ना कांहीं लहानसा धंदा चालूं लागला आहे. कोठें सूनबाई दिवाळीचा फराळ परगांवीं पाठवितात, कोठें धाकटे बंधु शिकवणीचे वर्ग चालवितात, तर कोठें वडिलांनीं निवृत्तीनंतर पुस्तकविक्री आरंभिलेली असते. या धंद्याची सारी लिहालिही बहुधा एकाच साध्या ई-मेल खात्यावरून होते. आणि बँकेचीं, मुलांच्या शाळेचीं व परदेशीं राहणाऱ्या लेकीचीं पत्रेंही त्याच खात्यांत येतात. सण जवळ आला म्हणजे मनांत येतें कीं, जमविलेल्या सात-आठशें पत्त्यांवर याच खात्यावरून एकदम जाहिरात धाडून द्यावी. खर्च कांहीं नाहीं, आणि श्रम काय ते बटण दाबण्याचे! हा विचार मोहक असला तरी घातक आहे, असें आमचें मत आहे.

पहिली अडचण अगदीं व्यावहारिक आहे. जीमेलच्या साध्या खात्यावरून एका दिवसांत ५०० पत्रें पाठवितां येतात. पैसे भरून घेतलेल्या कचेरीच्या खात्यावरून २,०००. ही मर्यादा ओलांडली कीं पाठविण्याची सोय बंद पडते व ती पुन्हां सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागूं शकतो. म्हणजे फराळाच्या मागण्या ऐन भरांत असतां ‘आपली मागणी पोंचली’ एवढें साधें उत्तरही गिऱ्हाइकाला देतां येत नाहीं.

परंतु हें संकट एका दिवसाचें. खरी हानि पुढेंच आहे. जुन्या काळीं व्यापारी परिपत्रकें उघड्या पाकिटांतून बुकपोस्टानें येत. पाकीट पाहतांच घरच्या माणसांना कळे कीं हें घाईनें वाचण्याचें पत्र नव्हे. ई-मेलला असें निराळें पाकीट नाहीं. म्हणून पत्र स्वीकारणारें यंत्र पाठविणाराची पत पाहतें. या पत्त्यावरून आजवर कशीं पत्रें आलीं, किती पत्ते खोटे निघाले, आणि किती जणांनीं वैतागून ‘स्पॅम’ हा शिक्का मारला, याचा हिशेब तें ठेवतें. गूगल व याहू यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून आपले नियम अधिक कडक केले. तक्रारींचें प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खालीं राहिलें पाहिजे असें त्यांचें सांगणें आहे. म्हणजे हजार पत्रांमागें तिघे रागावले तरी पुरे! एकदां पत गेली म्हणजे जाहिरातच नव्हे, तर त्याच खात्यावरून एकट्या गिऱ्हाइकाला लिहिलेलें पैशाचें बिलही स्पॅमच्या ढिगांत जाऊन पडतें, आणि तें तेथें पडलें आहे हें लिहिणाराला कळतही नाहीं.

हा उपद्रव आजचा नव्हे. १९७८ च्या मे महिन्यांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थुर्क यांनीं अर्पानेटवरील सुमारें चारशें लोकांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम पाठविली. पत्ते इतके होते कीं ते ठरलेल्या जागेंत मावेनात व उरलेले पत्राच्या मजकुरांत सांडले. लोक चिडले, पण तेव्हां शिक्षा करणारें यंत्र नव्हतें.

पत्ते सांडण्याचा हा प्रकार आजही घडतो, आणि आम्हांला तो सर्वांत लाजिरवाणा वाटतो. सारे पत्ते उघड्या रकान्यांत घातले म्हणजे कोणत्याही गिऱ्हाइकाला बाकीच्या सर्वांचे पत्ते दिसतात. चकल्या मागविण्यापुरता विश्वासानें दिलेला पत्ता परक्या शेंकडों लोकांच्या हातीं देण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

मग करावें काय? वर्षाच्या मामुली भाड्यानें स्वतःच्या धंद्याच्या नांवाचें डोमेन घ्यावें आणि परिपत्रकें पाठविण्याचेंच काम करणाऱ्या एखाद्या सेवेमार्फत तीं धाडावीं. डोमेनच्या तीन नोंदी जाणत्याकडून करून घ्याव्या. एस्. पी. एफ्. या नोंदीनें आपल्या नांवाचीं पत्रें कोणत्या सर्व्हरवरून निघावयाचीं तें जाहीर होतें, डी. के. आय. एम्. मुळें प्रत्येक पत्रावर मोहर उमटते व वाटेंत फेरफार झाला तर तो उघडकीस येतो. आणि या दोहोंपैकीं एकाशींही न जुळणाऱ्या पत्राचें काय करावें तें डी-मार्क सांगते. परिपत्रकांसाठीं त्या डोमेनचें एक निराळें पोटनांव ठेवल्यास नेहमींच्या पत्रव्यवहाराला सहसा धक्का लागत नाहीं.

कित्येक जण सेवा घेतात खरी, पण प्रेषक म्हणून घरचाच जुना पत्ता घालतात. हें करूं नये. याहूनें तर २०१४ सालापासूनच, आपल्या नांवाचें पण आपल्या सर्व्हरवरून न निघालेलें पत्र नाकारावें, असें जाहीर करून ठेविलें आहे.

यादींतून नांव काढून घेण्याची सोय प्रत्येक परिपत्रकांत ठळक असावी. गिऱ्हाईक निघून जाईल म्हणून ती लपविणारे व्यापारी आम्हीं पाहिले आहेत; ज्याला दार सांपडत नाहीं तो स्पॅमचें बटण दाबतो, एवढेंच त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

ज्यांचीं गिऱ्हाइकें तीस-चाळीसच आहेत त्यांना मात्र या खटाटोपाची गरज नाहीं. त्यांनीं घरच्याच खात्यावरून एकेकाला नांवानें, मागच्या खेपेची आठवण ठेवून, निरनिराळें पत्र लिहावें.