बारावीनंतर माणूस की जनावर?

आर्वीतल्या मुलांची बारावी झाली की घरात एकच हिशेब मांडला जातो: नीटमध्ये एमबीबीएसला लागला तर ठीक, नाहीतर मग 'काहीतरी' बीएस्सी. या हिशेबात जनावरांचं विज्ञान शेवटच्या ओळीत असतं, आणि तेच मला चुकीचं वाटतं. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गाईचा मूळ पट्टा. पांढरी, सडपातळ, लांबट अरुंद तोंडाची ही जात ओढकामासाठी नावाजलेली. प्राणिशास्त्राला याहून जवळची प्रयोगशाळा कुठली? शिवाय मानवी आणि प्राणी जीवशास्त्र यांच्यात भिंत नाहीच. १९२२ मध्ये मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलेलं इन्सुलिन बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. रेबीज आणि ब्रुसेलोसिस आजही जनावरांतूनच माणसात येतात.

'पण नोकरी कुठे?' हा प्रश्न रास्त आहे. नुसत्या प्राणिशास्त्राच्या बीएस्सीवर फारसं काही हाती लागत नाही. पुढे एमएस्सी, बीएड किंवा संशोधन करावंच लागतं. पशुवैद्यकाची पदवी मात्र साडेपाच वर्षांची, इंटर्नशिपसह. प्रवेश नीटवरच, नागपूरचं महाविद्यालय १९५८ पासूनचं. नोंदणी झाली की दवाखाना टाकता येतो, एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं. 'ढोरांचा डॉक्टर' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी गाय अडली की कुणाला फोन लावतात ते आठवावं. ज्याला मात्र माणसाचंच शरीर शिकायचंय, त्याने फिजिओथेरपी, नर्सिंगचे अभ्यासक्रम विषयवार वाचूनच अर्ज भरावा. माहितीपत्रकावरच्या पांढऱ्या कोटाकडे बघून नव्हे.