उद्याची उद्या उपटू

तंबूतल्या मुक्कामाचा बेत ठरला, की घरात पहिली धावपळ उडते ती खाण्यापिण्याची. डबे भरतात, पिशव्या फुगतात. आपण शेतीवाडीच्या मुलखात निघालोय की वाळवंटात, असा प्रश्न पडावा! काही वर्षांपूर्वी भंडारदऱ्याला निघताना आमच्या गाडीचीही हीच अवस्था होती. बर्फाच्या पेटीत दूध, पनीर, घरून चिरून आणलेल्या भाज्या आणि आदल्या रात्रीचा पुलाव. घोटी येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं. संध्याकाळी तंबू लागले आणि ‘वास तर येत नाही’ असं म्हणत आम्ही तोच पुलाव गरम करून वाढला.

मध्यरात्री धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. बाहेर काळोख, कडाक्याची थंडी आणि दवाखाना कुठे आहे याचा पत्ता नाही. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत आम्ही दोघं रात्रभर बसून राहिलो. उजाडताना त्यानं ‘भूक लागली’ म्हटलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नंतर डॉक्टरांनी समजावलं, की शिजवलेल्या भातात काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात उबेत पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम केल्यानं ते विष जात नाही. त्याला वास यायलाच हवा असंही नाही. म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांपुढे असेल, तर एकच तास. ही साधी गोष्ट आम्हाला त्या रात्रीनं शिकवली.

दुसऱ्या दिवशी उरलेलं सारं टाकून दिलं आणि जवळच्या वाडीत गेलो. एका आजींच्या परसात मेथी, टोमॅटो आणि मांडवावर घेवडा होता. सवयीनं मी म्हटलं, “आजी, चार जुड्या द्या.” त्या हसल्या. “एवढी भाजी नेऊन काय करशील, बाई? आज खायची तेवढी ने. उद्याची उद्या उपटू.”

भाजी टिकवण्याचा याहून चांगला उपाय मला आजवर सापडलेला नाही. मातीत उभी असलेली भाजी नासत नाही. नासते ती आपल्या हावरटपणानं पिशवीत कोंबलेली!

तेव्हापासून आम्ही घरून फक्त डाळ, तांदूळ, पीठ, मीठ-मसाला, तेल आणि कांदे-बटाटे नेतो. बाकीचं तिथलं. अकोले तालुक्यातून जाणार असाल, तर राजूरच्या आठवडे बाजाराचा वार आधी विचारून घ्या. थंडीत घेवड्याच्या न् वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, नाचणी, वरई असा तिथला अस्सल मेवा मिळतो. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण शहरातून फ्लॉवर घेऊन तिथे जावं, ही गंमतच नव्हे का?

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या दिसतात. मात्र त्या ओळखणाऱ्या स्थानिक बाईकडूनच घ्याव्यात. पुस्तकातलं चित्र पाहून स्वतः खुडण्याचं धाडस नको. शिवाय कळसूबाई–हरिश्चंद्रगड हे १९८६पासून अभयारण्य आहे. तिथे परवानगीवाचून काही तोडू नये.

घेतलेली भाजी एक-दोन दिवस राखायची तर आजीबाईंचीच युक्ती कामी येते. मेथी, कोथिंबीर मुळांसकट घ्यावी, ओल्या फडक्यात सैल गुंडाळावी आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं; माठ गार होतो तो याच कारणानं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवलं, मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि वर ओलं फडकं टाकलं. या बिनविजेच्या शीतकपाटाला २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. पण हे सारं कोरड्या हवेत साधतं. श्रावणातल्या दमट हवेत पाणीच उडत नाही, तेव्हा ओलं फडकं भाजी कुजवतं. त्या दिवसांत रोजच्या रोज घेणंच बरं.

आणखी थोडं: टोमॅटो आणि अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नयेत, वापरताना धुवावीत. कांदे आणि बटाटे वेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. भोपळा घ्यायचा तर सगळे मिळून एका जेवणात संपवाल एवढाच. अखंड असेपर्यंत तो टिकतो, चिरला की नाही. दूध आणल्याबरोबर उकळावं आणि लगेच संपवावं. रात्री खाऊ तंबूत उघडा ठेवू नये, नाहीतर कुत्री आणि उंदीर न बोलावता पंगतीला येतात!

आणि एक विनंती. शहरातल्या चकचकीत दुकानात आपण लिहिलेली किंमत मुकाट्यानं देतो, मग परसातल्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस कशाला? आपण सगळंच घरून नेलं, तर त्या गावाच्या वाट्याला आपल्याकडून काय येतं? रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या. तो कचरा मात्र परत आणावा; आपले पैसे खुशाल तिथे राहू द्यावेत.

त्या दिवशी दुपारी चुलीवर मेथीची भाजी आणि नाचणीची भाकरी झाली. धाकट्याला मऊ भात. घरी मेथी पाहून तोंड फिरवणारा तो पोरगा माझ्या ताटाकडे टक लावून पाहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माझा हात ओढत म्हणाला, “आई, चल ना! आजींनी उद्याची आज उपटायची ठेवलीय.”