पोळा : मातीच्या बैलामागची गोष्ट

श्रावण अमावास्येला आपल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्येही काही घरांत पाटावर मातीची बैलजोडी मांडली जाते. खरा बैल न पाहिलेली आपली मुले विचारतात, "याची पूजा कशाला?" त्यांना सांगता यावे म्हणून ही थोडी माहिती.

पोळा सुरू होतो तो आदल्या संध्याकाळी. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. ते गरम पाण्याने शेकून त्यावर हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. हीच खांदेमळणी. दुसऱ्या दिवशी बैलाला आंघोळ, शिंगांना रंग व बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, नवी वेसण, नवा कासरा. त्या दिवशी मानेवर जू नाही, पाठीवर चाबूक नाही, आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याचा. सायंकाळी गावचे बैल तोरणाखाली जमतात. तोरण तुटले की पोळा फुटतो.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हाच सण बेंदूर म्हणून ज्येष्ठ-आषाढात होतो. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा; मुले चाकांचे लाकडी बैल मिरवतात. गाय-वासराचा मान वसुबारसेला. त्या दिवशी अनेक बायका गाईचे दूध-तूप खात नाहीत.

अशी माया इतरत्रही आढळते. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला, संत ब्रिजिडच्या दिवशी, लव्हाळ्याचा क्रूस विणून गोठ्यात टांगण्याची जुनी रीत आहे. हेतू एकच, गुरे सुखरूप राहावीत.

गावाकडे आता ट्रॅक्टर आले, दावणी ओस पडल्या. त्यात २०२३ साली लंपी रोगामुळे काही जिल्ह्यांत पोळ्याला बैल एकत्र आणण्यास बंदी होती. मिरवणूक नाही, तोरण नाही. तरीही शेतकऱ्यांनी गोठ्यातच पूजा करून घास भरवला. म्हणजे सणाचा गाभा मिरवणुकीत नाही. आपल्यासाठी राबणाऱ्याचा खांदा दुखतो हे ओळखण्यात आहे.

तेव्हा यंदा मुलांकडून कणकेचे बैल जरूर करून घ्यावेत. त्यांना खांदेमळणीची गोष्ट सांगावी. आणि पहिली पुरणपोळी त्यांच्याच हाताने इमारतीच्या वॉचमनला किंवा सफाई करणाऱ्या भाऊंना द्यावी. बैलाची पूजा कशाला, ते मग वेगळे सांगावे लागणार नाही.