साखर जास्त, म्हणूनच लस

‘आधी साखर आटोक्यात येऊ दे, मग कोरोनाची लस घेऊ’ हा मधुमेहींचा विचार सावधपणाचा वाटला तरी धोक्याचा आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेत रुग्णालयांत कोरोनाने दगावलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मधुमेही होते. लशीने साखर वाढते, ही शंका निराधार नाही. पण ती वाढ बहुधा एक-दोन दिवसांची, ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवून सावरता येणारी असते. प्रत्यक्ष संसर्गात साखर कितीतरी अधिक बिघडते. त्यात उपचारातल्या स्टेरॉइडची भर पडली की काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (‘काळ्या बुरशी’च्या) रूपाने पाहिले. काही मधुमेहींत लशीनंतर प्रतिपिंडे कमी तयार होतात, हेही खरे; पण ते लस टाळण्याचे कारण नव्हे, डॉक्टरांनी सांगितलेला पुढचा डोस न चुकवण्याचे कारण आहे. गोळ्या-इन्सुलिन मात्र चालूच ठेवावे.