किरणांची काटकसर
हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांचे चित्र क्ष-किरणांच्या साहाय्याने टिपणाऱ्या सीटी कोरोनरी अँजिओग्राफीत सर्वांत मोठा अडथळा हृदयाच्या अखंड हालचालीचा असतो, आणि या तपासणीतील किरणमात्रा उतरत गेली ती मुख्यतः त्या हालचालीशी जुळवून घेण्याच्या पद्धती बदलल्यामुळे. 64 स्लाइसची यंत्रे 2004 च्या सुमारास वापरात आली, तेव्हा टेबल संथपणे सरकत असताना किरण जवळजवळ सलग चालू ठेवले जात आणि हृदय स्थिर असतानाची माहिती ईसीजीच्या आधारे मागाहून निवडली जाई. उरलेल्या माहितीसाठी रुग्णाच्या शरीराने झेललेले किरण बहुधा वायाच जात.

पुढे हा क्रम उलटला. आता ईसीजीच्या आलेखावरील उंच टोकापासून ठरावीक अवधी मोजून, हृदय शिथिल होऊन भरत असताना जी अल्पशी स्थिरता लाभते तेवढ्यापुरतेच किरण सोडले जातात. ही उसंत पुरेशी लांब मिळावी म्हणून नाडी मिनिटाला साधारण 60 ते 65 च्या खाली आणावी लागते, आणि त्यामुळे बीटा-ब्लॉकर हे नाडी मंदावणारे औषध वेळेवर देणे किंवा श्वास रोखण्याचा सराव करून घेणे, ही वरवर किरकोळ भासणारी कामेही किरणमात्रा ठरवतात.

दुसरी काटकसर विद्युतदाबाची. क्ष-किरण नळीचा दाब 120 वरून 100 किलोव्होल्टवर आणल्यास, इतर बाबी तशाच राहिल्या तर, मात्रा सुमारे एक तृतीयांशाने घटते. शिवाय कमी ऊर्जेचे किरण शिरेतून दिलेल्या आयोडीनयुक्त द्रवात अधिक शोषले जात असल्याने रोहिण्या उलट जास्त ठळक दिसतात. चित्रात वाढणारा कणीदारपणा संगणक पुनःपुन्हा गणित करून कमी करतो. स्थूल रुग्णांत मात्र दाब उतरवण्याला मर्यादा येते.

मात्रेला तपासलेल्या भागाच्या लांबीने गुणून येणाऱ्या आकड्याचा मध्यक 2007 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत 885 मिलीग्रे-सेंटिमीटर होता, तो 2017 च्या पाहणीत 195 वर आला. तरीही या दुसऱ्या पाहणीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मात्रा देणाऱ्या केंद्रांच्या मध्यकांत 37 पटींची तफावत आढळली. एवढी तफावत केवळ रुग्णांच्या वजनावर वा नाडीवर ढकलता येणार नाही. तिच्यात जुन्या मांडणीला चिकटून राहण्याच्या सवयीचाही वाटा आहे. यंत्र हा आकडा प्रत्येक तपासणीअंती नोंदवतेच, तेव्हा तो आपल्या अहवालात लिहून मागायला रुग्णांनी संकोच करू नये.