घर विकताना 'इतर खर्च' : नफा-तोट्याचा एक धडा



सहावीच्या नफा-तोट्यात आपण मुलांना काय शिकवतो? खरेदी किमतीत वाहतूक, हमाली असा इतर खर्च मिळवा, मगच नफा काढा. मुलं हे विसरली की आपण लाल पेन चालवतो. पण घर विकायची वेळ आली की आपणच ते विसरतो. आमच्या घरातलंच उदाहरण सांगते.

माझ्या दादाचं संभाजीनगरला म्हाडाचं छोटं घर आहे. ते विकून इथे खुलताबादला आईच्या जागेवर घर बांधायचं त्याच्या मनात आहे. त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला : विक्री 20 लाख, कर्ज बाकी 6 लाख, हातात 14 लाख. बांधकामाचा अंदाजही 14 लाखांचाच. मिस्त्रीला शब्द देणार, तेवढ्यात मी वही ओढून घेतली.

पहिला प्रश्न : विकता येतं का? म्हाडाचं घर साधारण पहिली पाच वर्षं विकता येत नाही. वाटपपत्रातल्या अटी आधी वाचा. दादाने घर 2018 मध्ये 8 लाखांना घेतलं, म्हणून ही अडचण नव्हती. सिडकोची बरीच घरं भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, तिथेही परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं.

मग आम्ही इतर खर्च मांडला. आकडे अंदाजी आहेत, तुम्ही तुमचे घाला.

- हस्तांतरण शुल्क, ना-हरकत : 35,000
- सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (महापालिका हद्दीत कमाल 25,000) : 25,000
- थकीत घरपट्टी, पाणीपट्टी, मेंटेनन्स : 40,000
- दलाली 2 टक्के : 40,000
- रंग, दुरुस्ती, वकील, कागदपत्रं : 30,000

बेरीज 1,70,000. मुद्रांक शुल्क सहसा घेणारा भरतो. बाकी कोणता खर्च कोणाचा, हे इसार घेण्याआधी लिहून घ्या.

आता मोठा आकडा. घर दोन वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे असेल तर नफ्यावर 12.5 टक्के भांडवली नफा कर लागतो. ढोबळ नफा 12 लाख, म्हणजे कर 1,50,000, वर उपकर. विक्रीचा खर्च नफ्यातून वजा होतो, त्यामुळे आकडा थोडा उतरेल. तरी मोठी बेरीज 3,20,000 धरा. हातात उरले 10,80,000!

दादा गप्पच झाला. आई म्हणाली, "मग एक खोली कमी बांधू."

पण करात सूट मिळू शकते. नफ्याची रक्कम दोन वर्षांत दुसरं घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात घातली तर कर वाचतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे खर्च झाले नाहीत तर ते बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावे लागतात. आमची अडचण वेगळीच निघाली : जागा आईच्या नावावर, विकणारा दादा. अशी सूट नंतर वादात सापडू शकते. म्हणून सी.ए.ला विचारल्याशिवाय इसार घ्यायचा नाही, असं ठरलं.

शिक्षकांसाठी आणखी एक. गृहकर्जाच्या मुद्दलावर 80-सी ची वजावट घेतली असेल आणि ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ती वजावट पुन्हा उत्पन्नात धरली जाते.

सगळ्यात महत्त्वाचं : थकबाकी, शुल्क, रंगकाम हा खर्च आधी येतो, विक्रीचे पैसे नंतर. म्हणून लाख-सव्वा लाख रुपये वेगळे असल्याशिवाय घर विकायला काढू नका. मधल्या काळात भाड्याने राहावं लागलं तर तेही धरा. आणि एकदा सरकारी घराचा लाभ घेतला की पुन्हा मिळणं अवघड असतं. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये मागच्या 20 वर्षांत असा लाभ घेतलेलं कुटुंब बसत नाही.

वर्गासाठी उपक्रम : वरचे आकडे फळ्यावर लिहा, 'हातात किती उरले?' विचारा. मग दलाली 1 टक्का करून पुन्हा सोडवायला सांगा. घरी पालकांनाही सोडवू द्या. लाल पेन मात्र मुलांच्या हातात ठेवा.