रायफलीच्या प्रत्याघाताचे शमन : उपायाची निवड

प्रस्तावना : कन्हान नदीच्या एका काठावर आमचे गाव, तर दुसऱ्या काठावर कामठीची छावणी आहे. महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेनेचे काम पाहणारे प्राध्यापक तेथील अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण घेतात. त्यामुळे वाचकांपैकी काहींच्या खांद्यास प्रस्तुत विषय पूर्वपरिचित असावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीची रायफल हे हौसेचे साधन राहिले नाही. परवानगीने होणारे पीकसंरक्षण व वारसाने आलेली परवानाधारक शस्त्रे यांपुरतीच ती उरली आहे. तथापि तिचा प्रत्याघात कसा कमी करावा, हा प्रश्न नेमबाजी शिकविणाऱ्यासही पडतोच.

विवेचन : गोळीस पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच रायफलीस मागे मिळतो. .३०३ रायफलीची सुमारे ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते. रायफल ४ किलोची धरल्यास केवळ गोळीमुळे ती सेकंदास २.१ मीटर वेगाने मागे येते व तिची गतिज ऊर्जा सुमारे ९ ज्यूल भरते. याउलट .२२ रायफलीची २.६ ग्रॅमची गोळी सुमारे ३३० मीटर वेगाने जाते. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत ही ऊर्जा ०.१ ज्यूलच्याही आत राहते. दारूच्या ज्वलनातून निघणाऱ्या वेगवान वायूंचा धक्का यात आणखी मिळवावा लागतो.

नळीच्या तोंडावर बसविला जाणारा छिद्रयुक्त ‘मझल ब्रेक’ याच वायूंना बाजूस व मागे वळवितो. म्हणून मोठ्या दारूभाराच्या काडतुसात तो प्रभावी ठरतो, .२२ मध्ये जवळजवळ निरुपयोगी. त्याची किंमत मात्र कानांना मोजावी लागते. शिकारीच्या रायफलीचा आवाज मुळातच १४० डेसिबलच्या वर असतो. ब्रेकमुळे तो नेमबाजाकडे व शेजाऱ्याकडे अधिक वळतो. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत असे ब्रेक निषिद्ध आहेत.

वजन वाढविणे हा उपाय साधा व खात्रीचा आहे. रायफल ४ किलोऐवजी ५ किलोची केल्यास प्रत्याघाताची ऊर्जा एक पंचमांशाने घटते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात ८ किलोपर्यंतची रायफल चालते. पण रानात बांधावरून दिवसभर एवढे ओझे कोण वाहणार? रबरी गादी संवेग कमी करीत नाही. ती धक्क्याचा काळ लांबविते व तो अधिक क्षेत्रावर पसरविते. खांद्यास एवढेही पुष्कळ असते.

प्रस्तुत लेखकाच्या मते यापूर्वीचा प्रश्न दस्त्याच्या लांबीचा आहे. दस्ता लांब असल्यास तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो, त्याची कड रुतते व पुढील वेळी नेमबाज धक्क्याच्या अपेक्षेनेच डोळे मिटून घोडा हिसकतो. अशा छात्रसैनिकास, विशेषतः मुलींना, आपण भित्रे ठरवून मोकळे होतो. गंमत अशी की, जुन्या .३०३ ली-एनफिल्डच्या निर्मात्यांस हे ठाऊक होते. तिच्या धातूच्या तळपट्टीस गादी नव्हती, पण दस्ते चार लांबींचे होते. बी व एस ही आखूड दस्त्यांची, एन नेहमीच्या व एल लांब दस्त्याची खूण. गादी मागविण्यापूर्वी, ब्रेकचा विचार तर दूरच, छात्रसैनिकाच्या हाताची लांबी व दस्ता एकदा ताडून पाहावा. दस्ता लांब ठरल्यास वर गादी चढविल्याने तो आणखीच लांबेल.